मशीनला लागलेली हळद

माझा स्वभाव तिरसट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. वागळे इस्टेटमधल्या एका लॅबमध्ये मी अठरा वर्षं टेक्निशियन आहे, आणि या अठरा वर्षांत माझ्या ओरडण्याला कंटाळून दोन मुलं नोकरी सोडून गेली. तिसरा आला तो अजून टिकून आहे, पण त्याला एका कानाने कमी ऐकू येतं.

कोरोनाच्या दिवसांत आमच्या पीसीआर मशीनने दिवसरात्र काम केलं. लाट ओसरली आणि मशीन चादर पांघरून बसून राहिलं. मग एके दिवशी आमच्या डॉक्टरबाईंनी जाहीर केलं की आपण एक नवी चाचणी सुरू करतोय. शरीरसंबंधातून पसरणारा एक जंतू आहे. तो आजवर फारसा कुणी शोधत नव्हतं, कारण तो बशीत वाढवायचा तर महिने लागतात, तेही वाढला तर. आपल्याकडे लघवीची जळजळ घेऊन माणूस आला की डॉक्टर ठरलेल्या गोळ्या देतात, बरं वाटलं तर वाटलं. हा जंतू त्या गोळ्यांना हळूहळू दाद देईनासा झालाय. मशीन मात्र त्याला त्याच्या जनुकावरून ओळखतं आणि नेहमीचं औषध त्याच्यावर चालणार नाही, एवढंही सांगतं.

कल्याणच्या चाळीत माझी आई राहते. कोरोनात ती अख्ख्या चाळीला सांगायची, "आमची पोर कोरोना शोधते." नवी चाचणी सुरू झाल्यावर तिने विचारलं, "आता काय शोधतेस?" मी जरा आढेवेढे घेतले. मग म्हटलं होऊन जाऊ दे, आणि नीट समजावून सांगितलं. आईने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यात कुजबुजायचं काय? खोकला झाला की माणूस लाजतो का?" तिने ते चाळीतही सांगितलं असणार, कारण पुढच्या रविवारी जिन्यात दोघी बायकांनी माझ्याकडे एकदम आदराने पाहिलं.

लोक मात्र लाजायचेच. आमच्या खिडकीशी येणाऱ्यांपैकी निम्मे खोटं नाव सांगायचे, आणि घाईत सुचणारी नावं बहुतेक क्रिकेटपटूंची. एकाच आठवड्यात भारतीय संघाचे चार फलंदाज आमच्याकडे लघवी देऊन गेले. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. बाटलीवर नंबर पडला की नाव कुणाला हवंय?

तो मुलगा असाच एका फलंदाजाचं नाव घेऊन श्रावणात आला. अठ्ठावीसेक वर्षांचा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा. चौदाव्या मजल्यावर दोरीला लटकणारा हा माणूस आमच्या खिडकीशी फॉर्म भरताना थरथरत होता. फॉर्म हातात घेतला आणि मी भडकले.

"नाव कुठलंही लिही रे बाबा," मी म्हटलं, "पण जन्मतारीख तरी धड लिही. या हिशेबाने तू सात महिन्यांचा आहेस."

तो हसला. हसल्यावर थरथर कमी झाली. मग बाटली घेऊन गेला आणि दोन मिनिटांत परत आला. "मॅडम, सुरुवातीची सोडून मधली द्यायची ना?"

"उलट. सुरुवातीचीच हवी. हा जंतू पहिल्या धारेतच सापडतो."

त्याची गोष्ट कागदावर थोडक्यात होती. आठ महिने जळजळ, दोनदा नेहमीच्या गोळ्यांचा कोर्स, गुण शून्य. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आणि खाली दुसरी ओळ होती की नेहमीचं औषध चालणार नाही. त्याचे डॉक्टर कल्याणचे, गुप्तरोगांचे जुने तज्ज्ञ. त्यांनी औषध बदललं. ते संपल्यावर पुरते तीन आठवडे थांबून पुन्हा तपासायला सांगितलं, कारण लवकर तपासलं तर मेलेल्या जंतूंचे अवशेषही मशीनला सापडतात आणि उगाच घोटाळा होतो.

या तीन आठवड्यांत तो दोनदा नुसतं विचारायला आला. दुसऱ्यांदा त्याने सांगितलं, "मॅडम, माझं लग्न ठरलंय. तुळशीचं लग्न झालं की लगेच. घरचे रोज पत्रिका छापायला द्यायच्या म्हणून मागे लागलेत. मी काहीतरी कारण काढतो. साफ झाल्याशिवाय छापणार नाही मी. आणि या वेळीही नाही गेलं, तर मोडून टाकतो. तिच्या आयुष्याचं कशाला वाटोळं?"

मला त्याची दया आली आणि रागही आला. दया आली की मला रागच येतो. मी म्हटलं, "तारीख आली की ये. तोवर डोकं खाऊ नकोस."

त्याची तारीख नेमकी दसऱ्याच्या तोंडावर आली. नमुना दोन दिवस आधी दिला होता, रिपोर्ट दसऱ्याला दुपारी मिळणार होता. त्या दिवशी लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो, मी आणि साफसफाई करणाऱ्या मावशी. बाकीच्यांना मीच सुट्टी दिली होती. आमच्यासाठी हा धम्मदीक्षेचा दिवस, त्यामुळे संध्याकाळी मला आईला घेऊन विहारात जायचं होतं. म्हणून मी सकाळीच पांढरी साडी नेसून आले होते आणि वरून ॲप्रन चढवला होता.

मावशी तबक घेऊनच आल्या होत्या. त्यांच्या मते दसऱ्याला हत्यारं पुजायची, आणि लॅबची हत्यारं म्हणजे मशीनं. दरवर्षी मी नाही म्हणायचे आणि दरवर्षी त्या रुसायच्या. आमच्याकडे मशीनची पूजा नसते, सर्व्हिसिंग असतं, असंही मी एकदा सुनावलं होतं. या वर्षी का कुणास ठाऊक, माझा मूड चांगला होता.

"लावा काय लावायचं ते," मी म्हटलं. "पण बाहेरून. मशीनचं झाकण उघडायचं नाही."

मावशींचा चेहरा खुलला. मी नमुने काढायला फ्रीजकडे गेले. तेवढ्यात त्यांनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मशीन, फ्रीज, सेंट्रिफ्यूज, कॉम्प्युटरचा उंदीर. झाकण खरंच उघडलं नाही. बाई शब्दाच्या पक्क्या.

मी ग्लोव्हज चढवले, नळ्या भरल्या, टोपणं बोटाने दाबून बसवली आणि मशीन सुरू केलं.

एक वाजता मशीनने काम संपवलं. आमचा नियम असा की आधी पाण्याची नळी बघायची. तिच्यात नमुना नसतो, नुसतं पाणी असतं, म्हणजे स्क्रीनवर तिची रेघ सपाट असली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. हा नियम मी आजवर प्रत्येक नव्या पोराच्या डोक्यात हातोड्याने ठोकलाय. आणि त्या दिवशी मी काय केलं? आधी त्याचा नंबर उघडला. त्याची रेघ वर चढलेली होती. मशीनने शेजारी लाल अक्षरांत लिहिलं होतं, पॉझिटिव्ह.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. तोच. नवा शर्ट, हातात आपट्याच्या पानांची पिशवी.

"झाला का, मॅडम?"

"डॉक्टरबाईंची सही राहिलीय. संध्याकाळी कळवते," मी म्हटलं. खरं तेच होतं. सहीशिवाय आम्ही तोंडाने काही सांगत नाही.

पण माझा चेहरा माझ्या हुकमात नाही, कधीच नव्हता. त्याने क्षणभर पाहिलं आणि मान खाली घातली.

"कळलं, मॅडम. आता सोनं द्यायला तिच्या घरीच चाललेलो. तिथे सगळे असतील. सांगून टाकतो, पत्रिका नका छापू."

मी "अरे थांब" म्हणेपर्यंत तो जिना उतरला होता.

मला इतका संताप आला! त्या जंतूचा, त्या औषधाचा, स्वतःच्या थोबाडाचा. खुर्चीत बसले आणि ती रेघ पुन्हा उघडली. स्क्रीनवर मोठी करून नीट पाहिली तेव्हा काहीतरी खटकलं. जंतू असला की रेघ बराच वेळ आडवी चालते आणि मग एकदम चढते. ही पहिल्या फेरीपासूनच वर होती आणि लंगडत लंगडत सरकत होती. अशी रेघ मी जन्मात पाहिली नव्हती. मग पाण्याची नळी बघितली, जी आधी बघायची होती. तीही तशीच वर! पाण्याला कुठून आला गुप्तरोग?

कपाळाला हात लावला आणि पदर सावरायला खाली पाहिलं. पांढऱ्याशुभ्र पदरावर पिवळी बोटं उमटली होती. माझीच बोटं.

"मावशी!" मी ओरडले. "हळद कशाकशाला लावलीत?"

मावशी धावत आल्या. "मशीनला, फ्रीजला..."

"अजून?"

"त्या हातमोज्यांच्या खोक्याला. तेबी हत्यारच ना तुमचं, ताई? रोज तेच घालून लढता."

मी खोकं उचललं. ग्लोव्हज ओढून काढायच्या फटीवर, मधोमध, हळदीचं बोट. तिथूनच ग्लोव्हज काढून मी नळ्यांची टोपणं दाबली होती. मशीन त्या टोपणांतूनच आत निळा प्रकाश टाकतं आणि किती चमक परत येते ते मोजतं. आणि हळदीचा गुण असा की निळ्या उजेडात ती मस्त हिरवट चमकते. मशीनने जंतू पाहिलाच नव्हता. त्याने हळद पाहिली होती.

मावशींना समजावून सांगितलं तर त्या रडायला लागल्या. "तुम्हीच बोल्लात ना, ताई, बाहेरनं लाव."

"मीच बोल्ले," मी म्हटलं. "आणि पाण्याची नळी आधी बघायची तीही मीच विसरले. आता रडू नका, स्पिरिट आणा."

आम्ही दोघींनी टेबल पुसलं, मशीन पुसलं, ते खोकं बाहेर काढलं. नवे ग्लोव्हज, नवी टोपणं. त्याच्या नमुन्यातून काढलेला डीएनए फ्रीजमध्ये शिल्लक होता, तो पुन्हा लावला. आता दीड तास नुसतं बसायचं. बसणं मला जमत नाही. मी त्याने फॉर्मवर दिलेला फोन लावला. उल्हासनगरच्या एका फर्निचरच्या दुकानात लागला. त्यांनी मला सोफा घेणार का विचारलं. मग कल्याणच्या डॉक्टरांच्या घरी केला. ते श्रीखंड-पुरीवरून उठून आले, त्याचा खरा नंबर मला द्यायला नियमाने नकार दिला, आणि स्वतः लावून बघितला. बंद होता.

तीन वाजून गेल्यावर मशीन थांबलं. या वेळी मी आधी पाण्याची नळी बघितली. सपाट. मग मुद्दाम ज्यात जंतूचं जनुक घातलेलं असतं ती नळी. चढलेली, रुबाबात, जशी चढायला हवी तशी. मग त्याची.

सपाट! खाडीचं पाणी भरतीला थांबतं ना, तशी सपाट. मी मावशींना मिठी मारली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. त्या घाबरल्याच.

सही हवी म्हणून डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या टेंभी नाक्यावर देवीच्या मिरवणुकीत होत्या. आधी दोन मिनिटं नुसते ढोल.

"कशाचा रिपोर्ट?" त्या ओरडल्या.

मी जंतूचं नाव सांगितलं.

"ऐकू येत नाहीये! कशाचा?"

"लघवीच्या जागेच्या जंतूचा!" मी घसा फोडून ओरडले. "गेला! साफ गेला!"

"लघवीच्या जागेचा गेला?" भर मिरवणुकीत त्यांनी तेवढ्याच जोरात खात्री करून घेतली. त्यांच्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, हे मला नंतर कळलं. डॉक्टरबाई गर्दीतून बाजूला झाल्या, मी सगळे आलेख आणि माझी चूकही त्यांच्या मोबाईलवर पाठवली. त्यांनी तपासून तिथूनच सही केली.

रिपोर्ट छापून निघाला, पण द्यायचा कुणाला? त्याचं घर शहाडच्या आसपास एवढंच मला ठाऊक. आणि ठाऊक असतं तरी असा रिपोर्ट घेऊन कुणाच्या दारात जाणार होते मी? तो एव्हाना तिच्या घरी पोहोचला असेल, बोलूनही बसला असेल. माझ्या एका तोंडामुळे एक लग्न मोडणार, या विचाराने मी खुर्चीत बसून चक्क रडायला लागले.

मावशी कचरा टाकून वर आल्या. "ताई, कोनासाठी रडताय? त्या पोरासाठी? तो काय खाली चहावाल्याकडं बसलाय. मघापासनं."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

हातात रिपोर्ट, मागोमाग मावशी; मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. सुट्टीमुळे रस्ता ओस होता, सगळ्या कारखान्यांच्या दारांना झेंडूची तोरणं. चहाच्या टपरीच्या बाकावर तो बसला होता, आणि शेजारी एक मुलगी, नऊवारीत, नथ घातलेली, प्रचंड चिडलेली.

"हा फोन बंद करून बसलेला," ती मला म्हणाली, जणू आमची जुनी ओळख. "लॅबचा पत्ता मला माहिती होता म्हणून रिक्षा करून आले. मॅडम, तुम्ही सांगा याला. मघापासून एकच लावलंय, लग्न नको. मी बोलतेय, नाही गेलं तर परत औषध घेऊ, तारीख पुढे ढकलू. त्यात काय एवढं?"

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. तरीही नियम तो नियम. मी त्याला म्हटलं, "तू वर चल."

"इथेच सांगा, मॅडम," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हिच्यापासून काही लपवलेलं नाही मी."

मी कागद त्याच्या हातात दिला. "काही राहिलेलं नाही. साफ आहे. मघाशी मशीनने चुकीचं दाखवलं. चूक आमची, म्हणजे माझी. मशीनला हळद लागली होती."

मी पदर पुढे करून दाखवला आणि खोक्यापासून टोपणापर्यंत सगळं सांगितलं. आधी त्याला कळलं. त्याने कागदात तोंड खुपसलं आणि खांदे हलायला लागले. तिने त्याच्या पाठीवर एक दणका दिला आणि मग खो-खो हसत सुटली.

"अरे ए! आपली हळद अजून लागायचीय, आणि मशीनने आधी लावून घेतली!"

चहावालाही हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. त्या मुलाने पिशवीतली पानं काढली. आधी मावशींना सोनं दिलं, मग मला. मावशी त्याला म्हणाल्या, "सोन्यासारखा रहा," आणि पुन्हा रडल्या. मी विहारात उशिरा पोहोचले. आईने पदर बघून विचारलं, "पांढऱ्यावर हळद? कुठं गेलेलीस?" मी म्हटलं, "उद्या सांगते, सबंध चाळीला एकदमच सांग."

तीन आठवड्यांनी ती दोघं पत्रिका घेऊन आली. पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. मी खिडकीतून किंचाळले, "आत नको! तिथेच थांबा!" आणि जिन्यात जाऊन पत्रिका घेतली. त्याचं खरं नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. छान होतं, त्या फलंदाजापेक्षा त्याला कितीतरी शोभणारं. इथे अर्थातच सांगणार नाही.

लग्नाला जायचं मी टाळलं. आमच्या धंद्यात ओळख दाखवायची नसते. पण मुलीने मावशींना हाताशी धरलं, आणि मावशी मला तिच्या हळदीला ओढून घेऊन गेल्या. शहाडच्या पुढे, नदीच्या अंगाला घर. मांडवात डीजे असा वाजत होता की छातीत मशीन फिरल्यासारखं वाटत होतं. नवरी पाटावर बसलेली, नखशिखान्त पिवळी. मी मागच्या खुर्चीत अंग चोरून बसले होते, तेवढ्यात तिच्या दोन आत्यांनी मला हेरलं.

"बाय, तुम्ही कोण? कुणाकडच्या?"

काय सांगणार? मावशी कुठेतरी नाचत होत्या. आणि माझा चेहरा, तो तर केव्हाही दगा देणारा.

पाटावरून नवरीने मान उंचावली. डीजेच्या वरताण आवाजात ती ओरडली, "ए आत्या, त्या माझ्याकडच्या! आम्हाला पहिली हळद त्यांनीच लावलीय!"

आत्यांना काहीही कळलं नाही. पण पहिली हळद लावणाऱ्या बाईला मागे बसवून ठेवायची नसते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मला दोन्ही दंडांना धरून पाटाशी नेलं, आणि मी ओरडायच्या आत माझ्या गालांना, हातांना, दहाही बोटांना हळद फासली. ग्लोव्हज न घालता इतक्या माणसांनी मला हात लावल्याला किती वर्षं झाली असतील, देव जाणे. मी पाटाशी बसून हमसून हमसून रडले आणि रडता रडता हसले, आणि नवरी माझ्या मांडीवर पिवळा हात ठेवून म्हणाली, "मॅडम, तुमची बोटं आता चार दिवस मशीनजवळ नेऊ नका हं."

नेली नाहीत. चार दिवस मी खिडकीशी बसून नुसते रिपोर्टचे लिफाफे दिले.